दोन डावे

सकाळपासून तिच्या हातोडीला उत्तर मिळत नव्हतं.

बुटांच्या त्या कारखान्यात ती आणि तिचा नवरा पाठीला पाठ लावून बसायचे. तो उजव्या पायाचे बूट करायचा, ती डाव्या पायाचे. लग्नानंतर ती कामावर आली तेव्हा कुणीतरी सोय म्हणून काम असं वाटून दिलं, आणि मग हातांना तीच सवय लागली. त्याची हातोडी टक् म्हणाली की हिची टक् म्हणायची. घरून भांडून आलेले असले तरी हातोड्या आपापसात बोलत राहायच्या. लोकांनी त्याचं नाव 'उजवे' पाडलं होतं आणि तिचं 'डावी'. ती नावं इतकी चिकटली की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर दोघंही आधी मागे वळून बघत. जोडा असावा तर असा, असं सगळे म्हणायचे. पायातला की संसारातला, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

त्या दिवशी मात्र तिच्या पाठीमागची जागा रिकामी होती. मुकादमानं उजव्यांना कोपऱ्यात बसवलं होतं, वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ करायला.

"उजव्याचं कातडं अजून आलं नाही," मुकादम म्हणाला.

तिनं तोंडातल्या चुका हातावर घेतल्या. बुटाच्या तळाला मारायच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात, आणि काम करताना त्या ओठांत धरून ठेवाव्या लागतात. उजवे नेहमी म्हणत, आमच्या संसारात शांतता आहे ती हिच्या तोंडातल्या चुकांमुळे.

"कातडं कधीपासून डावं-उजवं यायला लागलं रे?" तिनं विचारलं. "जनावर काय दोन्ही अंगांनी वेगळं असतं?"

मुकादम कसनुसं हसला आणि दुसऱ्या रांगेत गेला. आरी धरायला तो उजव्यांकडेच शिकला होता. मुकादम झाल्यावरही त्यांना काका-काकी म्हणायचा, आणि तीही त्याला सगळ्यांदेखत अरे-तुरे करायची.

डावी परत कामाला लागली, पण मन लागेना. लढाई सुरू झाल्यापासून कारखान्यात फक्त शिपायांचे बूट होत होते आणि काम मान मोडून असायचं. तरी आजच्यासारखे नुसते डावे तिच्यापुढे कधी रचले गेले नव्हते. एक ठोका मारायची आणि कान मागे लावून थांबायची. मागून काही नाही. कोपऱ्यातून येणारा खिळ्याचा आवाज भलताच बारीक, आणि तोही आपला मनाला येईल तेव्हा. दोनदा हातोडी बोटावर बसली.

दुपारी मेणाचा दोरा संपला म्हणून ती गोदामात गेली. दोरा देणारी बाई जेवायला गेली होती. भिंतीशी तयार बुटांचा ढीग होता, नाड्यांनी जोडी-जोडी बांधलेला. तिनं सहज एक जोडी उचलली. टाचेचा टाका तिचा होता, आतल्या बाजूला किंचित झुकलेला. तिनं दुसरा बूट उलटा केला. तोही तिचाच. तिनं दुसरी जोडी घेतली, मग तिसरी, मग ढिगाच्या तळातून एक ओढली. डाव्याला डावा बांधला होता.

"काकी, इथं काय करताय?" दारात मुकादम उभा होता.

"हे कुणी बांधलंय? डोळे फुटले होते का त्याचे?"

मुकादमानं दार लोटून घेतलं. "बरोबर बांधलेत. तुमचे आधीचे तयार डावेच एकमेकांना बांधलेत, काही जोड्या सकाळीच गेल्यासुद्धा. कैद्यांसाठी आहेत. पलीकडचे जे पकडून आणलेत ना, त्यांतले तिघं मध्ये पळाले. मग वरून हुकूम आला, सगळ्यांच्या दोन्ही पायांत डावा घाला. माणूस चालतो, काम करतो, पळू मात्र शकत नाही."

तिच्या हातातली जोडी खाली आली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्हाला नवीन काय करायचंय? आयुष्यभर डावेच केलेत, उद्याही डावेच करायचे. तुमच्या हाताला कळणारसुद्धा नाही."

हे बोलणं तिला काटा मोडल्यासारखं लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि नाही केले तर?"

मुकादमानं आवाज उतरवला. "काकी, उजव्याचं काम बंद, म्हणजे काका आता कारखान्याला नकोत. तुम्ही दुपटीनं डावे देताय, त्या जोरावर मी त्यांना खिळ्यांपुढे बसवलंय. तुम्ही उठलात तर दुसऱ्या दिवशी त्यांना आघाडीवर खंदक खणायला नेतील. या वयात. त्यांची छाती कशी आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"नको," ती म्हणाली आणि दोरा घेऊन जागेवर गेली.

कारखाना सुटायच्या वेळी तिनं काय केलं ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. गोदामात जाऊन तिनं ढिगातली एक जोडी घेतली, आपल्या चपला बैठकीखाली सारल्या आणि दोन्ही पायांत डावे बूट घालून बाहेर पडली.

"काय डावीबाई, आज चाल बदलली?" फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं.

"वय झालं."

"कालपर्यंत नव्हतं झालेलं!"

"तुझ्याकडे बघून झालं," ती म्हणाली आणि लंगडत पुढे निघाली.

बूट सैल होते, तरी डाव्या पायाला ओळखीचे वाटत होते. उजव्या पायाचे हाल होते. अंगठ्याच्या जागी करंगळी आणि करंगळीच्या जागी अंगठा. तळव्याखाली जिथे पोकळी हवी तिथे उंचवटा, आणि उंचवटा हवा तिथे काही नाही. दर पावलाला बूट तिला डावीकडे ओढत होता. कोपऱ्यावरच्या वाळूच्या पोत्यांना तिचा खांदा दोनदा घासला. पाव मिळायच्या रांगेतल्या बायका बघायला लागल्या तशी ती भरभर चालायला गेली, आणि गुडघ्यातून मोडते की काय असं झालं. पळायचं तर नावच नको.

रेल्वेच्या रुळांमागे पडलेल्या गोदामाच्या विटा कैदी वेचत होते. एरवी ती मान खाली घालून जायची. आज मान खालीच होती, त्यामुळे तिला त्यांचे पायच दिसले. बऱ्याच जणांच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. जवळच्या एका लांब मानेच्या कैद्याच्या पायांत मात्र नवे कोरे बूट होते. टाचेचा टाका आतल्या बाजूला झुकलेला.

त्या माणसाचंही लक्ष तिच्या पायांकडे गेलं. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या, मग परत तिच्या. आणि तो हसला. दवाखान्याच्या बाकावर बसलेली दोन माणसं एकमेकांच्या पायाच्या पट्ट्या बघून हसतात ना, तसं. त्याला वाटलं असेल, या बाईलाही यांनी तेच घातलंय. तो शेजारच्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. तेवढ्यात शिपाई ओरडला. कैदी गर्रकन वळला, त्याच्या पायात पाय अडकले आणि तो हातातल्या विटांसकट गुडघ्यांवर आपटला.

तिच्या ओठांवर आलं होतं की बाबा, ते मी केलेत. पण तिथं थांबायला बंदी होती, आणि त्याला तिची बोली कळली नसती.

घरी नणंद चुलीपाशी होती. उजव्यांची ही थोरली बहीण. तिचा एकुलता एक मुलगा लढाईच्या पहिल्याच थंडीत गेला, तेव्हापासून ती इथेच राहायची.

"अगं, पाय असे काय टाकतेस?" तिनं विचारलं. डावीनं सगळं सांगितलं. नणंद ढवळायची थांबली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या पोराला मारलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं का, बाळा, तुझे बूट चावत नाहीत ना म्हणून? त्यांना काचांवरून चालवा म्हणावं. काचा मी फोडून देते."

"ताई..."

"ताई-बिई नको. केलेस ते चांगलं केलंस. आणखी कर."

भाचा निघाला तेव्हा त्याच्या पायांत मामा-मामीनं केलेलाच जोड होता. उजवा मामाचा, डावा मामीचा. त्याचं बाकी सामान परत आलं, बूट आले नाहीत.

डावी खोलीत फेऱ्या मारायला लागली. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. उजवे आले, हातपाय धुऊन बसले, तरी तिचं चालूच.

"बस ना एका जागी. बघून गरगरायला लागलं मला."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"सकाळीच कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझ्या तोंडात चुका होत्या," उजवे म्हणाले. नेहमीची थट्टा, पण कुणालाच हसू आलं नाही. मग ते म्हणाले, "हे बघ, थंडी तोंडावर आलीय. ती माणसं चिंध्या बांधून फिरतायत. अनवाणी पायापेक्षा दोन डावे बरे, की नाही?"

"असतील बरे."

"मग?"

"पण ते मी करायचे का? पाय दुखावा म्हणून? आजवर आपला एखादा बूट चावला, तर आपण तो परत साच्यावर चढवायचो. रात्र-रात्र झोप यायची नाही तुम्हाला. आणि आता न चावणारा निघाला तर चूक धरणार!"

"तू नाही केलेस तर दुसरं कुणी करील."

"करू दे."

"म्हणजे कैदी आहेत तसेच, मी खंदकात, आणि तुझे हात तेवढे स्वच्छ." ते चिडून बोलले नाहीत. हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. तिला चिडलेले परवडले असते.

ती मटकन खाली बसली आणि बूट काढून भिरकावले. उजव्या पायाचा अंगठा सोलवटला होता. मग उजव्यांनी ते बूट जवळ ओढले, स्वतःच्या पायांत घातले आणि उठून चार पावलं टाकली. त्यांना तर ते घट्टच होत होते. दाराची चौकट धरून ते उभे राहिले.

"एक मात्र झालं," ते म्हणाले. "कारखान्यात माझी गरज होती, हे आज पटलं." आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दोघी बायका त्यांच्या छातीकडे बघत राहिल्या.

"तुम्ही सांगाल तसं करते," डावी म्हणाली.

"मी नाही सांगणार. हो म्हटलं तर जन्मभर म्हणशील, यांनी करायला लावलं. नाही म्हटलं आणि मला काही झालं, तर म्हणशील, यांनीच तोंडानं मागून घेतलं. तुझा डावा, तुझं तू बघ."

तिला वाटलं होतं, नवऱ्यानं एक काहीतरी म्हणावं आणि आपण सुटावं. त्यांनी तर सुटकेचं दारच लावून घेतलं. नणंद वाढायला उठली तेव्हा भांडी नको तेवढी आपटत होती.

सकाळी तिच्यापुढे कापलेल्या तळांची चळत तयार होती. सगळे डावे. ती बसली. साचा मांडीवर घेतला, कातडं ताणलं, चुका ओठांत धरल्या. हात आपणहून पुढे गेले, रोजच्यासारखे. मुकादमाचं म्हणणं खरं होतं, हातांना काही कळत नव्हतं. तिनं हातोडी उचलली. पाठीमागे काही हललं नाही. हातोडी तशीच वर राहिली.

मग तिनं ती खाली ठेवली आणि ओठांतल्या चुका एकेक करून तळहातावर काढल्या. शेजारच्या बायकांना कळलं, आता ही बोलणार.

"मुकादम," ती म्हणाली. आज अरे-तुरे नाही. "मला उजवा द्या."

"काय?"

"माझ्या डाव्याला उजवा द्या. जोड असेल तर म्हणाल तेवढे करते. कैद्यांना असले तरी करते, मला काही नाही. नुसते डावे नाही करणार."

"काकी, हळू बोला."

"काल तुम्ही म्हणालात ते खरं आहे, माझ्या हाताला नाही कळणार. पण मी आजवर जो डावा केला, तो यांच्या उजव्यासाठी केला. नाहीतर त्याला बूट कशाला म्हणायचं? खोडा म्हणा. मी बूट करणारी आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पलीकडच्यांचा फार पुळका आलाय." दुसरी म्हणाली, "माझा भाऊ तिकडे गोळ्या खातोय, आणि ही त्या कैद्यांच्या पायांना फुंकर घालतेय." डावीनं मान वळवली नाही. म्हणणारीचा भाऊ खरंच तिकडे होता.

"आणि काकांचं काय?" मुकादमानं विचारलं.

तिनं कोपऱ्याकडे बघितलं. उजवे एक खिळा ठोकून सरळ करत होते. तो केव्हाच सरळ झाला होता. तरी ते ठोकतच होते, आणि त्यांनी वर बघितलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि चुका मोजल्यासारख्या एकेक करून डबीत परत ठेवल्या.

दुपार व्हायच्या आत तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती आणि डावी सकाळी आली तशीच अनवाणी घरी निघाली होती. बैठकीखालच्या चपलांची तिला आठवणच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्यांना बोलावणं आलं. त्या दिवशी नाव नोंदवून घ्यायचं आणि त्याच्या पुढच्या पहाटे निघायचं. नाव नोंदवायच्या रांगेत ते दिवसभर अडकले.

त्यांचे स्वतःचे बूट फाटून चिंध्या झालेले. चांभाराच्या पायात दिसायचे तसे. डावीनं कोपऱ्यात पडलेले ते दोन डावे उचलले, कातडं कापायची रापी घेतली आणि एकाचे टाके उसवायला घेतले.

"आता काय करतेस?" नणंदेनं विचारलं.

"जोड."

"रडायचं होतं तर केलंस कशाला?"

"रडत नाही. डोळ्यात मेण गेलंय."

"माझं पोर गेलं. आता भाऊ चाललाय. कुठल्या कोण त्या पायांसाठी." नणंद भिंतीशी बोलावं तशी बोलत होती. "मला नाही पटलं. मरेपर्यंत पटणार नाही."

"पटू नका," डावी म्हणाली.

डाव्याचा तळ उलटा केला की उजव्याचा होतो, एवढं सोपं आहे ते. फक्त कातड्याची गुळगुळीत बाजू आत जाते आणि खरखरीत बाजू जमिनीवर येते. वरच्या कातड्याचं तसं नाही. ते भिजवून, मऊ करून, दुसऱ्या अंगाला वळायला लावावं लागतं, आणि एकदा वळलेलं कातडं सहजासहजी ऐकत नाही. फळीवर उजव्यांचा जुना लाकडी साचा होता, ते काम शिकले तेव्हाचा. डावीनं तो आजपर्यंत धूळ पुसण्यापुरताच हातात घेतला होता. तिनं कातडं ताणलं. एकीकडून ताणलं की दुसरीकडून सुटायचं. हात सारखा डाव्याच्या वळणानं जायचा. ती उसवायची आणि परत ताणायची. उठून पाणी प्यायची, खिडकीतून रस्ता बघायची, परत बसायची. असं सगळं दुपारभर.

शेवटी नणंद न बोलता समोर येऊन बसली आणि साचा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला.

"तुझ्यासाठी नाही धरत," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या पायासाठी धरतेय. मार."

डावीनं चुका मारल्या.

पहाटे उजव्यांनी बूट घातले. डाव्या बुटाला अंगठ्यापाशी तिनं जास्तीची जागा करून दिली होती, तो हातमोज्यासारखा बसला. उजव्यात पाय घालताना त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"कुण्या नवशिक्यानं केलाय हा?"

"चावतो का?"

"चावतो. पण बोलतो तरी." खरंच, खरखरीत तळामुळे पाऊल टाकलं की उजवा कुरकुरत होता.

दारावर थाप पडली. मुकादम होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या.

"काकी, गोदामात एक जोडी कमी भरतेय," तो खाली बघत म्हणाला. "दोन डावे. कैद्यांच्या मालातले. मला घेऊन यायला सांगितलंय."

मुकादमाची नजर उजव्यांच्या पायांवर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. टाके ओळखायला तो याच दोघांकडे शिकला होता. नणंद एक पाऊल पुढे सरून भावाच्या शेजारी उभी राहिली.

"हा तर डावा-उजवा आहे," शेवटी मुकादम म्हणाला.

"हो," डावी म्हणाली.

"मग आमचा नाही." त्यानं चपला उंबऱ्याजवळ ठेवल्या. उजव्यांना वाकून नमस्कार करावा की करू नये, असा तो क्षणभर घुटमळला आणि तसाच निघून गेला.

उजव्यांनी पिशवी खांद्यावर टाकली. "येतो," ते म्हणाले. बायकोकडे बघून म्हणाले की बुटांकडे बघून, ते कळलं नाही. गल्लीत अजून अंधूक होतं. थोड्या वेळानं ते दिसेनासे झाले, पण आवाज येत राहिला. एक पाऊल गप्प, एक पाऊल कुरकुरणारं.

"उजवा फार वाजतोय," नणंद म्हणाली.

डावी दारात उभी होती, एकदा या पायावर भार देत, एकदा त्या.

"वाजू दे," ती म्हणाली. "गप्प बसा ताई, ऐकू द्या."